दोरीवर ढकललेला पैलवान परत का येतो?

शनिवारी पहाटे साडेपाचला आमच्या घरात दोघंच जागे असतात. पाणी यायचा दिवस असेल तर मोटर लावायला उठलेले मामा आणि डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचा स्मॅकडाऊन हा कार्यक्रम लावून बसलेला मी. अमेरिकेत तेव्हा शुक्रवारची रात्र असते. तिकडे हिवाळ्यात घड्याळं तासभर मागे घेतात, मग आपल्याकडे तेच साडेसहाला लागतं आणि मला जरा जास्त झोप मिळते. मंगळवारी त्यांच्याच रॉ या दुसऱ्या कार्यक्रमाची वेळही हीच.

मामा तरुणपणी सोलापुरात पाणीवेशीच्या बाजूला तालमीत घुमलेले. जत्रांमधल्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून ते मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंत त्यांनी सगळं बघितलंय. माझ्या या नादाकडे त्यांनी आजवर ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र कपबशी हातात घेऊन उभ्यानंच दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, “त्याला दोरीवर ढकललं ना? मग त्यो परत का येऊलालाय बे? दोर धरून थांबायचं की!”

“हे खोटं असतं ना?” हा प्रश्न मी शाळेपासून ऐकत आलोय. त्याला उत्तर देणं मी कधीच सोडून दिलंय. मामांचा प्रश्न वेगळा होता. तो ज्याला नीट कळला त्याला हा सगळा खेळच कळला, असं मला वाटतं. म्हणून हे सविस्तर.

त्या ढकलण्याला या धंद्यात आयरिश व्हिप म्हणतात. खरं सांगायचं तर त्यात ढकलणं नावालाच असतं. हात धरून दिशा दाखवतात, धावतो तो आपल्या पायानं. दोराला पाठ कशी लावायची, एक हात वरच्या दोरावर कसा ठेवायचा, किती पावलांत परत यायचं, हे सगळं घोटून घेतलेलं असतं. मग परत का येतो? संगीत नाटकात छातीत कट्यार लागलेला माणूस आधी एक पद म्हणून घेतो आणि मग मरतो, तेव्हा आपण त्याला “आधी डॉक्टरकडे जा” म्हणतो का? वगात राजा रंगमंचावर एक फेरी मारतो आणि शिकारीच्या जंगलात पोचतो. आपण तिकीट काढलं तेव्हाच हे कबूल केलेलं असतं. दोरीवरून परत येणं तसलंच. दोघांनी मिळून उभं केलेलं चित्र, आणि तिसरे आपण, ते मान्य करणारे.

मामांना हे पटलं नाही. “मग ही नुरा कुस्ती झाली,” ते म्हणाले.

नुरा हा शब्द तालमीत शिवीसारखा वापरतात. दोघांनी आधीच ठरवून, लोकांना फसवून लढायचं आणि इनाम वाटून घ्यायचं. फडावरच्या जाणत्यांना दोन मिनिटांत वास येतो, मग आरडाओरडा, आणि पंच दोघांना मैदानाबाहेर काढतात. मी मामांना म्हटलं, नुरात पाप कुठलं आहे? ठरवण्यात नाही, लपवण्यात आहे. फडावर आलेला माणूस खरी कुस्ती बघायला आलेला असतो. इथं आलेल्याला आधीच ठाऊक असतं.

अर्थात ते नेहमीच ठाऊक नव्हतं. अमेरिकेतही कित्येक दशकं ही मंडळी शपथेवर सांगत की आमचं सगळं खरं आहे. हे गुपित सांभाळण्याला त्यांच्या बोलीत केफेब म्हणतात. नायक आणि खलनायक एका गाडीतून प्रवास करताना दिसता कामा नये, एका टेबलावर जेवताना दिसता कामा नये, इतकं कडक. १९८९ साली मात्र डब्ल्यूडब्ल्यूईनंच (तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ) न्यू जर्सीच्या विधिमंडळासमोर सांगून टाकलं की ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. कारण काय? खेळ म्हटला की क्रीडा नियामकांची देखरेख आली, परवाने आले, प्रक्षेपणावरचा कर आला. करमणूक म्हटलं की ते सगळं टळतं. हे ऐकून मामा पहिल्यांदा हसले. “म्हणजे टॅक्स वाचवायला खरं बोलले!”

आता पाठीकडे येतो. मामांच्या कुस्तीत सगळी विद्या पाठ वाचवण्यासाठी असते. ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड, कुठलाही डाव घ्या, शेवट एकच. समोरच्याची पाठ मातीला लावायची, आपली लागू द्यायची नाही. लागली की संपलं, चितपट. या टीव्हीवरच्या कुस्तीत शिकाऊ पोराला सर्वात आधी काय शिकवतात? पाठीवर पडायला. त्याला बम्प म्हणतात. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोकं आपटत नाही. श्वास सोडायचा. दोन्ही तळवे आणि सपाट पाठ एकाच वेळी खाली येऊ द्यायची, म्हणजे मार एका जागी न बसता वाटला जातो. शेकडो वेळा, मग हजारो वेळा. वीस फूट बाय वीस फुटांची रिंग, खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर कॅनव्हास. रिंगखाली माइक लावलेले असतात, म्हणून “धाड्” आवाज आपल्यापर्यंत मोठा होऊन येतो. पण फळ्या त्या फळ्याच. तालमीतली माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते, तिच्यावर पडणं याहून बरं, हे मामांनीही कबूल केलं.

म्हणजे निकाल ठरलेला, पडणं खरं. ज्याला उचलून आपटलं जातं तोच निम्म्याहून जास्त काम करत असतो. तो उडी मारतो म्हणून उचलणाऱ्याला तो उचलता येतो. तो हवेत अंग कसं वळवतो त्यावर दोघांची मान अवलंबून असते. आपण टाळ्या वाजवतो आपटणाऱ्यासाठी. माझ्या मते ही आपली चूक आहे. चार आठवडे फक्त पडणाऱ्याकडे बघा, कोण कारागीर आणि कोण नुसता दंड फुगवणारा ते आपोआप कळायला लागेल. लागलेलं नसताना लागल्यासारखं दाखवणं, आणि पहिल्या मिनिटाला दुखावलेला गुडघा पंधराव्या मिनिटालाही विसरायचा नाही, याला सेल करणं म्हणतात. गुडघा धरून कळवळणारा हीरो पुढच्या क्षणी ससा होऊन पळायला लागला की मी चॅनल बदलत नाही, पण मनातून उतरतो तो.

कधी कधी अंदाज चुकतो. २८ जून १९९८ ला पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरनं मॅनकाइंडला सोळा फूट उंच पिंजऱ्यावरून खालच्या टेबलावर टाकलं. ते ठरलेलं होतं. त्यानंतर मॅनकाइंड पुन्हा वर चढला आणि पिंजऱ्याचं छतच तुटून तो थेट रिंगमध्ये कोसळला, तेव्हा त्याचा दात तुटून नाकात जाऊन बसला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात कॅन्सस सिटीत ओवेन हार्टला छतावरून तारेनं खाली सोडायचा देखावा होता. तारेचा खटका सुटला आणि तो माणूस गेला. कार्यक्रम त्या रात्री पुढे चालू ठेवला गेला, आणि ते मला आजही पटलेलं नाही. हल्ली बरीच बंधनं आलीत. खुर्ची डोक्यात घालायला २०१० पासून बंदी आहे. कुणाला खरोखर लागलं तर पंच डोक्यावर दोन्ही हातांची फुली करतो, ती खूण आतल्यांसाठी असते.

पंच हा फार मजेशीर माणूस आहे. आपल्याला तो आंधळा वाटतो, नेमकी खुर्ची उचलली की त्याची पाठ वळलेली असते. त्याच्या कानात मात्र बारीक यंत्र असतं. पडद्यामागे बसलेले लोक त्याला सांगतात, तीन मिनिटं उरलीत, आवरायला सांग. तो पैलवानांना हळूच कळवतो. शेवट काय होणार हे लेखक मंडळी ठरवतात, मधलं बरंचसं दोघं पैलवान रिंगमध्येच जुळवतात. मान आवळून धरल्यावर दोघांची तोंडं जवळ येतात ना, तेव्हा पुढचं बोलणं चाललेलं असतं. गर्दी थंड पडलेली दिसली तर ठरलेलं सोडून दुसरं काढायचं, हे ज्याला जमतं तो उस्ताद.

लढतीची चाल एकदा कळली की लपत नाही. नायकाला त्यांच्याकडे बेबीफेस म्हणतात, खलनायकाला हील. आधी नायक चमकतो. मग हील काहीतरी लबाडी करून वरचढ होतो आणि बराच वेळ तुडवतो, हा सर्वात लांबलेला भाग. मग नायक उसळून येतो, गर्दी उठते, आणि शेवट. टीव्हीसाठी यात एक भर पडली. नायक रिंगबाहेर आपटला गेला की जाहिरात लागते. परत येऊन बघावं तर हीलनं मान आवळलेली. मी टेन स्पोर्ट्सच्या काळापासून हे इतक्यांदा बघितलंय की तो बाहेर फेकला गेला की मी चहा ठेवायला उठतो.

नियमातली एक पळवाट समजून घ्या, नाहीतर अर्धी कथानकं कळणार नाहीत. दोन्ही खांदे टेकवून तीन मोजले की विजय. समोरच्यानं हार मान्य केली की विजय. दहा मोजेपर्यंत रिंगमध्ये आला नाही की हार, लबाडी पकडली गेली की बाद. पण बाद होऊन किंवा बाहेर राहून हरला तर चॅम्पियनचा पट्टा जात नाही! म्हणून घाबरट हील चॅम्पियन अडचणीत आला की पट्टा घेऊन पळून जातो. लढत हरतो, पट्टा राखतो, लोक चिडतात, आणि पुढच्या महिन्याची तिकिटं खपतात.

आता आठवड्याचं गणित, ज्यावर माझा सगळा राग आहे.

पूर्वी दर आठवड्याचा कार्यक्रम म्हणजे निव्वळ जाहिरात असायची. नामवंत पैलवान कुणातरी अनोळखी गड्याला दोन मिनिटांत लोळवायचा आणि सांगायचा, खरी लढत बघायची तर अमुक दिवशी तिकीट काढा. ११ जानेवारी १९९३ ला रॉ सुरू झालं. १९९५ च्या सप्टेंबरात डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीनं त्याच सोमवारी त्याच वेळेला नायट्रो काढलं, आणि मग दोघांची जुंपली. प्रेक्षक पळू नये म्हणून मोठमोठ्या लढती फुकटात टीव्हीवर यायला लागल्या. सलग ८३ आठवडे प्रेक्षकसंख्येत नायट्रो पुढे होतं.

४ जानेवारी १९९९ ची रात्र मला कुणालाही हा खेळ समजावताना सांगावीशी वाटते. रॉचा भाग आधीच चित्रित झालेला होता. नायट्रोच्या निवेदकानं प्रेक्षकांना थेट सांगून टाकलं की तिकडे आज मॅनकाइंड चॅम्पियन होणार आहे, कशाला बघता? वर त्याची टिंगलही केली. झालं उलटंच. काही लाख प्रेक्षकांनी तिथल्या तिथे चॅनल बदललं आणि मॅनकाइंडला जिंकताना बघायला रॉ लावलं. मार खाऊन खाऊन वर आलेला, जरा बेढब, लोकांचा आवडता माणूस होता तो. निकाल कळला होता म्हणूनच ते गेले. त्याच रात्री नायट्रोवर मुख्य लढतीत होगननं तिथला चॅम्पियन नॅशच्या छातीला एक बोट लावलं, नॅश आडवा झाला, पट्टा गेला. याला म्हणतात नुरा, मामा! दोन वर्षांनी ती कंपनी विकली गेली. सगळा दोष त्या बोटाचा नसेल, पण लोक विसरले नाहीत.

ते युद्ध संपलं आणि आठवड्याचा कार्यक्रम हाच माल होऊन बसला. आज मुख्य कमाई त्याच्या प्रक्षेपण हक्कांची आहे. जानेवारी २०२५ पासून रॉ नेटफ्लिक्सवर गेलं, त्याचा करार दहा वर्षांचा आणि पाच अब्ज डॉलरच्या वर. त्याच एप्रिलपासून आपल्याकडेही सगळं तिथेच आलं. आपल्या जत्रांना हंगाम असतो. पाऊस लागला की फड बंद, पैलवान तालमीत, खुराक चालू. यांना हंगाम नाही, वर्षाचे बावन्न आठवडे. २०१२ पासून तर रॉ तीन तासांचं झालं होतं. इतका वेळ भरायचा कशानं? मग तीच जोडी पुन्हा पुन्हा, मध्येच तिसऱ्याची घुसखोरी, लढत रद्द, “बघू पुढच्या आठवड्यात.”

आपल्या फडावर बरोबरीत सोडवलेली कुस्ती लोकांना आवडत नाही. पत्रकावरच छापतात, कुस्त्या निकाली होतील. मला टीव्हीवाल्यांनाही तेच सांगायचंय. महिन्यात एखादी लढत अर्धवट सोडली तर कथा वाढते. दर आठवड्याला सोडली तर मी दुकानाचं शटर वेळेवर उघडायला मोकळा. आणि निकाली कुस्तीनं धंदा बुडत नाही याचा पुरावाही आहे. गुंथर या पैलवानानं १० जून २०२२ ला साध्या स्मॅकडाऊनमध्ये इंटरकॉन्टिनेंटल हा दुय्यम पट्टा घेतला आणि तो ६६६ दिवस ठेवला. आधीचा विक्रम ४५४ दिवसांचा, ऐंशीच्या दशकातला. त्यानं काय केलं? फारसं बोलला नाही, पळाला नाही. रिंगमध्ये आला, छातीवर उलट्या हाताचे फटके हाणले, बहुतेक लढतींचा स्वच्छ निकाल लावला. ज्या पट्ट्याकडे कुणी बघत नव्हतं तो मोठा झाला. शेवटी २०२४ च्या रेसलमेनियात, म्हणजे त्यांच्या वर्षातल्या सर्वात मोठ्या कार्यक्रमात, त्याला सॅमी झेननं पाडलं, तेव्हा झेनही त्या ६६६ दिवसांनी मोठा झाला. दिवस साठवायचे आणि एका रात्री दुसऱ्याच्या पदरात टाकायचे, ही आठवड्याच्या कार्यक्रमाची खरी ताकद. एका सिनेमाला हे जमणार नाही.

उलट उदाहरण आपल्याच रक्ताचं. ग्रेट खली २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हा शाळेत आम्ही छाती काढून फिरलो होतो. गड्ड्याच्या जत्रेत घेतलेले डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते तोवर फाटले होते. ते पत्ते आठवतात ना? रँक, उंची, वजन, छाती, दंड. त्या खेळात आकडा मोठा तो जिंकायचा, आणि खलीचं कौतुकही तेवढंच, आकड्याचं. त्याला धड वाकता येत नव्हतं, हे तेव्हा कुणी बोललं असतं तर मी मारामारी केली असती. २०१७ मध्ये भारतीय वंशाच्या जिंदर महालला रँडी ऑर्टनकडून मुख्य पट्टा मिळाला. त्याआधीच्या काही महिन्यांत तो सारखा हरत होता. कंपनीला भारतातली बाजारपेठ दिसत होती, तेवढ्यासाठी एकदम चढवला. त्याचा दोष नाही, अंगावर मेहनत दिसत होती. पण आठवडे साठवलेच नव्हते, मग उधळणार काय? नोव्हेंबरात मँचेस्टरच्या स्मॅकडाऊनमध्ये एजे स्टाइल्सनं पट्टा काढून घेतला. डिसेंबरात दिल्लीच्या कार्यक्रमातही जिंदर ट्रिपल एचकडून हरला. घरच्या मैदानावर! आमचे मामा याला काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये हैदराबादला कार्यक्रम झाला, तेव्हा मी सोलापूरहून रात्रीच्या बसनं गेलो. जॉन सीना आणि सेथ रॉलिन्स एका बाजूला. टीव्हीवर कधीच कळत नाही अशी गोष्ट तिथं कळली, छातीवर फटका बसला की त्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो, माइकशिवाय. माझ्या शेजारी बसलेला मुलगा तेलुगूत ओरडत होता, मी सोलापुरीत, आणि दोघं मिळून सीनाला.

त्याच सीनाबद्दल माझं मत बऱ्याच मित्रांना आवडत नाही. वीसेक वर्षं नायक राहिलेला हा माणूस १ मार्च २०२५ ला टोरांटोत अचानक हील झाला, कोडी रोड्सला बेदम मारलं. मी खुर्चीवरून उठलो होतो. पुढे काय? आठवड्यामागून आठवडे तो नुसता बोलत राहिला, कित्येक भागांत आलाच नाही, आणि ऑगस्टमध्ये काही झालंच नाही असा पुन्हा नायक. इतका मोठा ऐवज, पण दर आठवड्याची निगराणी नाही, म्हणून वाया गेला.

शेवट मात्र मला आवडला. १३ डिसेंबर २०२५, वॉशिंग्टन, शेवटची लढत, समोर तोच गुंथर. या धंद्यात जुना रिवाज आहे, जाताना हरून जायचं, आपलं नाव पुढच्याला देऊन जायचं. “कधी हार मानू नका” असं आयुष्यभर अंगावर छापून फिरलेल्या सीनाची मान गुंथरनं आवळली, तो जरासा हसला आणि हात आपटून हार मानली. गर्दीनं शिव्याशाप दिले. मित्र अजून म्हणतात, त्याला जिंकवायला हवं होतं. मी म्हणतो, जिंकून त्यानं काय घरी नेलं असतं?

ती लढत मी मामांना नंतर दाखवली. सीनाबद्दल ते काही बोलले नाहीत. गुंथरचा फटका मात्र दोनदा मागे घेऊन बघितला आणि “हात खरा टाकतो” एवढं म्हणाले.

गेल्या शनिवारी पाणी आलं नाही तरी ते उठले. माझ्याआधी टीव्ही लावून बसले होते. कुणीतरी नवा पोरगा होता, दोन मिनिटांत हरणारा, अंगावर साधी काळी चड्डी, प्रवेशाला गाणंसुद्धा नाही. त्याला एका धिप्पाड गड्यानं डोक्यावर उचललं आणि सोडलं. पोरगा असा सपाट आला की धूळ उडाल्यासारखं वाटलं.

“त्याचं नाव काय बे?” मामांनी विचारलं.

“रॉन्सन म्हणाले का कायतरी… नाही मामा, ते त्या मोठ्याचं. याचं ऐकलंच नाही मी.”

“मागं घे की जरा,” ते म्हणाले.